धुऊन टाकलेली माती

आपल्याकडे झारेकरी नावाची एक जमात होती. सोनाराच्या दुकानातला केर, बागेसरीतली राख, पाटाखालची धूळ हे सारे ते पैसे देऊन विकत घेत आणि नदीकाठी बसून लाकडी पाटीत धूत. सोनार कानस चालवतो, तेव्हा सोन्याचा अदृश्य भुगा उडतो. तो त्याच्या धोतराला लागतो, पायाला लागतो आणि केरसुणीबरोबर बाहेर जातो. त्या केरावर एका जमातीचे पोट भरत असे. मुंबईच्या झवेरी बाजारात आजही पहाटे गटारातला गाळ घमेल्यात घेऊन धुणारी माणसे दिसतात. जाणारा-येणारा नाकाला रुमाल लावून पुढे जातो. ती माणसे मात्र खाली पाहत असतात.

झारेकऱ्यांची मला आठवण झाली ती ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या डनोली नावाच्या एका लहानशा गावाबाहेर. मेलबर्नपासून वायव्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर हे गाव आहे. तांबडी माती, पांढऱ्या गारगोटीचे तुकडे, काळ्या सालीची निलगिरीच्या जातीची झाडे. आणि त्या झाडांमधून जिकडे पाहावे तिकडे जमिनीला आलेले फोड. कोठे कमरेइतका ढीग, कोठे खळगा, कोठे तोंड उघडे पडलेली जुनी विहीरवजा खाण. देवीच्या साथीतून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी ती जमीन दिसते. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गेली चार वर्षे महिन्यातून दोनदा तरी येथे येतो आणि एक यंत्र हातात घेऊन त्या ढिगांवरून सावकाश चालतो. त्या ढिगांतली माती म्हणजे सोने काढून घेतल्यावर टाकून दिलेली माती. तिकडे तिला टेलिंग म्हणतात. दादा त्या टाकलेल्या मातीत राहून गेलेले सोने शोधतो.

वाचकांना हे ऐकून जे वाटेल, तेच आमच्या घरी सर्वांना वाटले होते. वसईत आमच्या आळीत तर उघड बोलले जात होते की, बायको प्रभूघरी गेल्यापासून याचे चित्त ठिकाणावर नाही. म्हातारपणी सोन्याच्या मागे लागला. मला तिकडे पाठवण्यात आले ते दोन कामांसाठी. एक, दादाला कायमचे घरी परत येण्यास राजी करणे. दुसरे काम कागदांचे होते, त्याविषयी पुढे सांगेन.

आधी त्या मातीविषयी. व्हिक्टोरियात सोने सापडले ते १८५१ साली. बातमी फुटली आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे जहाजे भरभरून आली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार आले. दुष्काळाने पोळलेले आयरिश आले. चीनमधून हजारोंनी आले. व्हिक्टोरियाच्या सरकारने १८५५ साली चिनी माणसावर डोईपट्टी बसवली, प्रत्येकी १० पौंड. ती चुकवण्यासाठी जहाजे त्यांना शेजारच्या राज्यात रोब नावाच्या बंदरावर उतरवीत आणि तेथून शेकडो किलोमीटरची वाट ते पायी चालत सोन्याच्या मुलखात येत. गोऱ्यांनी घाईघाईने खणून टाकलेली माती त्यांतल्या अनेकांनी पुन्हा धुतली. नीट धुतली. गोऱ्यांना त्याचाही राग आला. आपण टाकले त्यात दुसऱ्याला काही मिळावे, हे माणसाला सहन होत नाही.

सोने वरच्या थरात होते तोवर घमेले आणि लाकडी पाळणा पुरे. पण चिकण माती आली की सोने तिच्यात अडकून बसते. १८५४ च्या सुमारास बेंडिगोच्या परिसरात एक युक्ती निघाली. जमिनीत गोल चर खणायचा, मध्ये खांब रोवायचा, खांबाला आडवा वासा बांधून त्याला घोडा जुंपायचा. घोडा गोल गोल फिरे आणि त्याच्यामागून ओढत नेलेला दाताळ्यासारखा सांगाडा चरातली माती पाण्यात ढवळे. आपल्याकडच्या बैलाच्या चुन्याच्या घाणीची ज्यांना आठवण असेल, त्यांना हे दृश्य लगेच डोळ्यांपुढे येईल. गढूळ पाणी वाहून जाई, जड सोने तळाशी बसे, आणि दगडगोटे व न विरघळलेली मातीची ढेकळे फावड्याने काढून बाजूला फेकली जात. त्या गोल चरांच्या खुणा दीडशे वर्षांनंतरही जंगलात स्पष्ट दिसतात. दादा तेथेच जास्त रेंगाळतो. त्याचे कारण त्याने मला एका वाक्यात सांगितले: “बाय, चाळणी बारीक सोन्यासाठी होती, मोठं सोनं कधीकधी दगड समजून फेकलं गेलं.”

चिखलाने माखलेला सोन्याचा खडा आणि चिखलाने माखलेला साधा खडा हे दिवसभर फावडे मारणाऱ्या माणसाच्या डोळ्याला सारखेच. गारगोटीच्या पोटात दडलेले सोने तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते सारे ढिगात गेले, वर झाडे उगवली.

सगळ्याच ढिगांत यंत्र चालवून उपयोग नसतो, हेही तेथे समजले. खोल खाणीतून काढलेला खडक यांत्रिक मुसळांनी कुटून त्याची पिठासारखी वाळू केली जात असे. तिच्यातले सोने पाऱ्याने धरायचे, आणि १८९० नंतर सायनाइडने. अशा वाळूत उरलेले सोने इतके सूक्ष्म असते की, यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय तिच्यात सोमल असतो. व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खडकांमध्ये सोमलाचे खनिज असतेच. खडक कुटल्यावर ते मोकळे होते. तसल्या राखाडी ढिगांकडे दादा फिरकत नाही आणि मलाही त्याने फिरकू दिले नाही. दुपारी डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुण्याचा त्याचा नियम एखाद्या परिचारिकेला शोभेल असा आहे. आपल्याकडे कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली, तिच्या मागे सायनाइडच्या मातीचे डोंगर राहिले आहेत. वारा सुटला की ती माती उडून वस्तीत जाते. सोने कोठे गेले, कोणाला ठाऊक. धूळ मात्र ज्यांनी खाणीत घाम गाळला त्यांच्याच घरांवर बसते.

आता दादाकडे येते. तो १९८० च्या दशकात तिकडे गेला. येथे कारखान्यात टर्नर होता. तिकडेही त्याने तीस वर्षे लेथवरच काम केले. जाताना पैसे कमी पडत होते, म्हणून वडिलांनी वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला. त्या तुकड्यावर आज चार मजली इमारत आहे. वहिनी आमच्याच गावची. दोघांनी मिळून दोन मुली वाढवल्या, घर घेतले आणि मागल्या अंगणात वसईची सगळी भाजी लावली.

यंत्राची गोष्ट त्या अंगणातच सुरू झाली. वहिनी आजारी पडली, हात वाळले, आणि एक दिवस मेथीच्या वाफ्यात काम करताना लग्नाची अंगठी बोटातून निसटली. तिच्या ते संध्याकाळी लक्षात आले. दोन दिवस दोघांनी माती चाळली. ती काही बोलली नाही, पण जेवणाच्या वेळी डावा हात टेबलाखाली ठेवू लागली. दादाला ते पाहवेना. त्याने दुकानातून एक यंत्र भाड्याने आणले, आणि पाऊण तासात अंगठी सापडली. वाफ्यात नव्हे, कुजत घातलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात. उपटलेल्या गवताबरोबर ती तेथे गेली होती. शुभवर्तमानातली ती बाई आपले हरवलेले नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावते. वहिनीने वसईला फोन केला आणि आम्हा सर्वांना एकेक करून ही हकिकत सांगितली. त्यानंतर नवव्या आठवड्यात ती गेली. अंगठी तिच्या बोटात आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका दफनभूमीत तिला पुरले आहे.

पुढे दादाने स्वतःचे यंत्र घेतले. शेजारी आयरिश वंशाचा एक वृद्ध गृहस्थ राहतो, त्याच्याच धर्मग्रामातला. तो त्याला प्रथम डनोलीला घेऊन गेला.

यंत्राच्या दांड्याला खाली ताटाएवढी एक चकती असते. तिच्यात तारेचे वेटोळे. त्या वेटोळ्यातून विजेचे झटके सोडले जातात, दर सेकंदाला शेकडो. झटका संपताच चुंबकीय क्षेत्र कोसळते. त्या क्षणी जमिनीत धातू असेल, तर त्याच्या अंगात क्षणभर वीज फिरते आणि तिचा अत्यंत क्षीण पडसाद परत येतो. यंत्र तो पडसाद ऐकते आणि माणसाच्या कानात त्याचा सूर करते. अडचण अशी की, तेथील तांबडी मातीही गप्प बसत नाही. तिच्यात लोह आहे, तीही उत्तर देते. १९७९-८० मध्ये लोक पहिल्यांदा ही यंत्रे घेऊन मोठ्या संख्येने रानात शिरले, तेव्हा मातीच्या या गोंगाटाने त्यांना जेरीस आणले होते. मग ॲडलेडच्या मिनलॅब नावाच्या कंपनीने १९९५ साली एसडी २००० हे यंत्र आणले. ते मातीचा आवाज बाजूला सारून धातूचा तेवढा ऐकत असे. रिकाम्या म्हणून सोडलेल्या जागा त्यानंतर पुन्हा बोलू लागल्या.

पण सोन्याचा आवाज आणि खिळ्याचा आवाज यांत फरक करणे अखेर माणसाच्या कानावरच असते. मी दोन दिवस कानाला ती यंत्रे लावून बसले. चकती जमिनीला घासून, एकाच उंचीवर, संथ फिरवायची. झाडू मारल्यासारखी नव्हे, तर झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तशी. एक अखंड गुणगुण चालू असते. तिच्यात मध्येच सुराला बारीक लहर येते. मला ती ऐकूच येत नव्हती. दादा थांबायचा, पायाने पाला बाजूला करायचा, पुन्हा फिरवायचा आणि म्हणायचा, “आहे.” मग कुदळ. कुदळीला चुंबक लावलेला असतो; लोखंड असेल तर ते तोच उचलतो आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच संपते. नाही संपली, तर प्लॅस्टिकच्या कपात माती भरायची, कप चकतीवरून फिरवायचा, निम्मी माती टाकायची, पुन्हा फिरवायचा. असे करीत करीत शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि तिच्यात ते असते. शिशाची गोळी. बुटाची चूक. तंबूची कडी. दारूच्या बाटलीचे बूच. आणि कधी तरी, अगदी कधी तरी, एक पिवळा कण. त्याला पुसावे लागत नाही. सोन्यावर गंज चढत नाही; मातीतून निघते तेव्हाही ते कालच घडवल्यासारखे दिसते. हाताला मात्र वेगळे लागते, कारण ते शिशाच्याही पावणेदोन पट जड आहे.

मी गेले त्या खेपेस तीन दिवसांत दोन कण मिळाले. दोन्ही मिळून तांदळाच्या चार दाण्यांएवढे.

चार वर्षांचा हिशेब दादाने वहीत लिहून ठेवला आहे. लेथवरच्या माणसाची वही, मिलिग्रॅमपर्यंत. एकूण ४१ ग्रॅम. म्हणजे आपल्या बोलण्यात चार तोळ्यांच्या थोडे वर. यंत्राची किंमत, पेट्रोल, रात्रीचा मुक्काम हे सारे धरले तर हा धंदा तोट्याचा आहे. सोने तो एका औषधाच्या लहान बाटलीत ठेवतो. खिळे, गोळ्या, बटणे, कड्या यांसाठी मात्र गॅरेजमध्ये लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या आहेत आणि त्या काठोकाठ भरल्या आहेत. कचरा पुन्हा जमिनीत टाकायचा नाही, पुढच्या माणसाला त्रास होतो, असा तेथील शहाण्या लोकांचा दंडक आहे. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, हा तर कायदाच आहे. एकदा त्याला पितळेचे एक लहानसे पदक सापडले, पवित्र मरियेचे. बहुधा एखाद्या आयरिश माणसाच्या गळ्यातले. त्याने ते गावच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन दिले. सोन्याच्या बाटलीपेक्षा त्या पदकाविषयी बोलताना त्याचा चेहरा अधिक खुलतो.

मोठी घबाडे कोणाला मिळालीच नाहीत असे नव्हे. डनोलीजवळ मोलियागुल येथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोन कॉर्निश माणसांना एका झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम बोटभर खोलीवर, सोन्याचा गोळा लागला. त्यात ७० किलोच्या वर निव्वळ सोने होते. गावातल्या बँकेचा तराजू त्याला पुरेना, म्हणून ऐरणीवर घालून त्याचे तुकडे करावे लागले. छायाचित्र काढायलाही कोणाला सुचले नाही; आज दिसतात ती चित्रे आठवणीवरून काढलेली. जगातला सर्वांत मोठा गोळा, आणि त्याची खरी छबी कोठेच नाही. दुसरा प्रकार १९८० सालचा. किंगोवर येथे केव्हिन हिलियर यांना यंत्राने, जमिनीखाली फूटभर खोलीवर, २७ किलोंचा गोळा सापडला. त्याचे नाव ‘हँड ऑफ फेथ’, म्हणजे श्रद्धेचा हात. अमेरिकेतील लास व्हेगासच्या एका जुगारगृहाने दहा लाख डॉलरहून अधिक देऊन तो विकत घेतला आणि आपल्याकडे मांडून ठेवला. श्रद्धेचा हात जुगाराच्या टेबलांजवळ, यावर मी दादाजवळ काही बोलले, तर तो म्हणाला, “तिथे त्याची गरज जास्त असेल.”

एका रविवारी आम्ही मिस्सासाठी बॅलरॅटला गेलो. हा प्रवास दादाने हट्टाने ठरवला होता. तेथे संत अलिपियस यांच्या नावाचे चर्च आहे. हे संत अगस्तीनचे जिवलग मित्र. मेलबर्नचे पहिले बिशप गूल्ड अगस्तीनियन संघाचे, म्हणून ते नाव. सोन्याच्या दिवसांत हे चर्च म्हणजे एक तंबू होता. खाणकामगाराला तेव्हा खणण्याच्या परवान्यासाठी दरमहा ३० शिलिंग भरावे लागत, सोने मिळो वा न मिळो. आणि पोलीस परवाना तपासण्याच्या नावाखाली माणसांची शिकार करीत. येथील धर्मगुरू फादर पॅट्रिक स्मिथ यांचा एक आर्मेनियन सेवक होता, पायाने अधू. ऑक्टोबर १८५४ मध्ये परवाना जवळ नाही म्हणून पोलिसाने त्यालाही मारले. वास्तविक त्याला परवान्याची गरजच नव्हती. तो सोने खणत नव्हता, धर्मगुरूची सेवा करीत होता. ठिणग्या साठत होत्या, त्यांत ही एक. ३ डिसेंबर १८५४, रविवारची पहाट. युरेका येथे कामगारांनी लाकडे रचून केलेल्या कोटावर सैनिक चालून गेले. पाव तासात सारे संपले. निदान २२ कामगार मेले. त्यांचा पुढारी पीटर लेलर, आयरिश कॅथलिक, दंडात गोळ्या लागून पडला. फादर स्मिथ यांनी आधी दोन्ही बाजूंना जाऊन रक्तपात टाळण्याची खटपट केली होती, ती वाया गेली होती. आता त्यांच्याच निवासात लपवून लेलरचा हात कापावा लागला. तो वाचला, पुढे कायदेमंडळात निवडून आला आणि त्याचा सभापतीही झाला.

या रक्ताची किंमत म्हणून १८५५ साली जुना परवाना रद्द झाला आणि वर्षाला एक पौंड भरून मिळणारा हक्काचा कागद आला: मायनर्स राइट. परवाना नव्हे, हक्क. तो कागद आजही त्याच नावाने चालू आहे. दादाच्या पाकिटात तो असतो. चर्चमधून बाहेर पडल्यावर त्याने तो काढून मला दाखवला, एखाद्याने ओळखपत्र दाखवावे तसा.

बेंडिगोच्या एका धर्मगुरूविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते पूर्वी आपल्या देशात होते. फादर हेन्री बॅकहाउस, जन्माने जर्मन, कलकत्त्यात मिशनरी म्हणून राहिलेले. १८५२ साली ते बेंडिगोच्या तंबूंत जाऊन पोहोचले. सोने मिळाले की ते दारूत घालवू नका, जमीन घ्या, असे ते लोकांना सांगत आणि स्वतःही जमीन घेत गेले. १८८२ साली ते वारले, ते सारे ख्रिस्तसभेच्या नावे करून. त्या उत्पन्नाच्या पायावर बेंडिगोचे येशूच्या पवित्र हृदयाचे कॅथेड्रल उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि १९७७ साली पुरे झाले. धर्मगुरूने इतकी मालमत्ता करावी का, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण बेंडिगोच्या खाणी १९५४ साली बंद पडल्या आणि त्यांच्या मालकांची नावे कोणी घेत नाही, हेही तितकेच खरे.

मात्र त्या जमिनीचा पहिला मालक कोण, हे फादर बॅकहाउस यांच्या मनात आले होते का, हे विचारले पाहिजे. डनोलीपासून बेंडिगोपर्यंतचा मुलूख जा जा वुरुंग या आदिवासी लोकांचा. खाणींनी त्यांचे झरे गाळाने भरले, ओढ्यांची पात्रे उपटली, झाडे खाणींच्या टेकूंसाठी तोडली. १८५१ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे सारे घडले. २०१३ साली व्हिक्टोरिया सरकारने त्यांच्याशी करार करून त्यांचा या भूमीशी असलेला संबंध मान्य केला. ते लोक या मुलखाला जे म्हणतात, त्याचा अर्थ ‘उलथीपालथी झालेली भूमी’ असा आहे. खालची माती वर, वरची खाली. हे मला दादाने सांगितले तेव्हा आम्ही एका ढिगावर बसून चहा घेत होतो. तेथे शंभर वर्षे झाली तरी गवत धड धरलेले नाही; वरची सुपीक माती गाडली गेली, ती गाडलेलीच राहिली.

त्याच वेळी मी पिशवीतून कागद काढले. दुसरे काम म्हणाले होते, ते हेच. वाडीचा आमच्या नावे राहिलेला शेवटचा तुकडा, विहिरीकडचा, पुतण्यांना विकायचा आहे. केळी आता कोणी लावत नाही. पानवेल आमच्या आईबरोबर गेली. चांगला भाव आला आहे. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, माझीही. दादाची तेवढी हवी होती.

त्याने चष्मा लावून सगळे कागद वाचले. नंतर विचारले, “विहीर?”

“भराव घालतील, दादा. त्या जागेवर गाड्या लावायला जागा करायची आहे.”

“भराव कुठला आणणार?”

मला ठाऊक नव्हते. भराव कोठला तरी असतो. कोठली तरी टेकडी खणून आलेला.

“पाणी गोडं आहे का अजून?”

मी सांगितले की, रहाट गेल्यापासून कोणी पाणी काढत नाही, पाला पडतो, शेजारच्या इमारतीतून काही टाकतातही. तो बराच वेळ बोलला नाही. मग कागद घडी करून त्याने माझ्या हातात परत दिले. रागावला नव्हता. परत येण्याविषयी मी विचारले, तेव्हा त्याने पाकिटातला तो हक्काचा कागद पुन्हा काढला. नवा करून घेतलेला, गेल्याच महिन्यातला. मायनर्स राइटची मुदत दहा वर्षांची असते. दादाला बहात्तरावे लागले आहे.

“दर रविवारी हिच्याकडे जातो,” तो म्हणाला. “ती सवय मोडायची कशी?”

हे ऐकल्यावर त्याच्या मनाविरुद्ध आणखी काही बोलणे मला शक्य नव्हते आणि मी बोललेही नाही. संध्याकाळपर्यंत तो यंत्र फिरवत राहिला. मी त्याच्यामागून खड्डे बुजवत राहिले.

सहीविना कागद घेऊन मी परत आले, तेव्हा घरी थोडी धुसफूस झाली. थोरल्या पुतण्याने विचारले, “मग काका म्हणतात तरी काय?” मी त्याला दादाचा निरोप सांगितला. मे महिन्यात महिनाभरासाठी येतो. पावसाआधी विहिरीचा गाळ काढायचा आहे. दोन गडी आणि एक भक्कम दोर बघून ठेवा. सहीचे त्यानंतर बघू.